तोंडचं पाणी

दंत महाविद्यालयाच्या तपासणी विभागात बावीस खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीच्या डाव्या हाताला एक पांढरं, वाटीसारखं भांडं. पेशंटनं चूळ भरायची, तिथं थुंकायचं, आणि पाण्याच्या बारीक धारेबरोबर ते गोल फिरत खाली जायचं. जे जायचं नाही ते घासून काढायचं काम द्वारकाबाई शेजूळ यांचं. चोवीस वर्षं त्यांनी ते इमानेइतबारे केलं.

माहेर गंगापूर तालुक्यातलं, सासर इथंच, शहराला लागून असलेल्या पडेगावला. नवरा वाळूजला कंपनीत होता. त्यानं कावीळ अंगावर काढली आणि दहा दिवसांत सगळं आटोपलं. मुलगी प्रेरणा तेव्हा चार वर्षांची. शेजारणीनं कॉलेजात मावशीची जागा निघाल्याचं सांगितलं तेव्हा काम काय करावं लागेल हे द्वारकाबाईंनी विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर झाल्या.

नातेवाइकांत त्या 'दवाखान्यात हाय' एवढंच सांगायच्या. पण अशा गोष्टी लपत नाहीत. एका लग्नात त्या पंगतीला वाढायला उठल्या, तर मोठ्या जावेनं बुंदीची परात हसत हसत त्यांच्या हातातून काढून घेतली. "राहू द्या, तुमी बसा निवांत." द्वारकाबाई बसल्या. त्यानंतर कुणाच्याही पंगतीत त्या वाढायला उठल्या नाहीत.

हात घासत असले तरी डोळे कुठं गप्प बसतात? पाच-सहा वर्षं झाली तसं त्यांना दिसायला लागलं की थुंकी म्हणून थुंकी सगळी एक नसते. कुणाची पाण्यासारखी, कुणाची फेसाळ. गुटखेवाल्याची लाल तर असतेच, पण वर काळसर रवा तरंगतो. एखाद्याची इतकी चिकट की ब्रशला तार सुटते, आणि तो माणूस बहुतेक वेळा साखरेच्या आजारावर गोळ्या खाणारा निघतो. ताप येऊन गेलेल्याची वेगळी, धास्तावलेल्या पोराची वेगळी. हे ज्ञान कुणाला सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटलं नाही. कोण ऐकणार, आणि ऐकून करणार काय?

मग आमरीन आली. डॉक्टर आमरीन, रोशन गेटकडची, पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. सडपातळ, चष्म्याची, बोलायला भरभर. तिनं प्रबंधासाठी विषय घेतला होता लाळेचा. माणसाच्या लाळेवरून तब्येतीचं काय काय कळू शकतं, ते गावोगावचे नमुने घेऊन तपासायचं. मदतीला एक माणूस हवं होतं. तिनं मावश्यांच्या खोलीत येऊन विचारलं, "थुंकी गोळा करायची आहे, कोण येईल?" तशी बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"मी येते," द्वारकाबाई म्हणाल्या. "चोवीस वर्षं सांडूनच दिली. आता भरून बघू."

पहिल्याच दिवशी आमरीननं त्यांना प्रयोगशाळेत नेलं. त्या दारापर्यंत फरशी पुसायला गेल्या होत्या, पण तिथल्या स्टुलावर कधी बसल्या नव्हत्या. आमरीन म्हणाली, "मावशी, आधी तुमचीच बघू या." काचेच्या पट्टीवर त्यांच्या लाळेचा एक थेंब घेतला, वर पातळ काच ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाचं चाक फिरवत फिरवत त्यांना डोळा लावायला सांगितलं.

आधी नुसता उजेड दिसला. मग उजेडात काहीतरी उभं राहिलं. मोठाले, कडा दुमडलेले पापुद्रे, जसे वाळवणातले पापड एकमेकांवर सरकावेत तसे, आणि प्रत्येकाच्या मधोमध एक ठिपका.

"ह्या तुमच्या गालाच्या आतल्या पेशी," आमरीन म्हणाली. "आता कडेला बघा. जरा थांबून बघा."

द्वारकाबाईंनी श्वास रोखला. पापुद्र्यांच्या कडेला बारीक बारीक काहीतरी हलत होतं. काही तिथल्या तिथं थरथरत होतं, काही सरळ रेघेत इकडून तिकडं पळत होतं. एक तर वळून परत आलं.

"हे जित्तं हाय?"

"जित्तं आहे."

"माझ्या तोंडात?"

"सगळ्यांच्या तोंडात. लाखो. बहुतेक बिचारे काही करत नाहीत." मग आमरीन टेबलाला टेकून सांगायला लागली. कानाखाली, जबड्याखाली, जिभेखाली लाळेच्या ग्रंथी असतात. रक्तातलं पाणी त्यातून झिरपून येतं, दिवसाकाठी लिटरभर सहज. येताना रक्तातलं थोडं थोडं बरोबर घेऊन येतं. मूत्रपिंड थकलं तर त्याची खूण लाळेत दिसते. माणूस ताणात असेल तर तीही दिसते. काही आजारांचे जंतू थेट लाळेतच सापडतात. "सगळंच कळतं असं नाही, मावशी. आम्हीसुद्धा अजून शिकतोच आहोत. पण सुई न टोचता इतकं कळणं, हेच केवढं आहे."

द्वारकाबाईंनी पुन्हा काचेला डोळा लावला.

"मंग मॅडम, मी इतकी वर्षं काय धूत व्हते?"

"लोकांचे रिपोर्ट," आमरीन म्हणाली.

त्या दिवशी बसमध्ये द्वारकाबाई खिडकीशी बसल्या आणि रस्त्यानं जाणाऱ्या माणसांकडं बघत राहिल्या. हा मोटारसायकलवाला, ती भाजीवाली, तो शिट्टी वाजवणारा पोलीस. प्रत्येकाच्या तोंडात ते पळत असेल. कुणालाच ठाऊक नाही. त्यांना हसू आलं आणि अंगावर काटाही आला.

* * *

पहिलं शिबिर पिशोरला लागलं, शाळेच्या व्हरांड्यात. थर्माकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात काचेसारख्या पारदर्शक नळ्या, प्रत्येकीवर नंबर. नियम असा होता की तासभर आधी काही खायचं-प्यायचं नाही. साध्या पाण्यानं चूळ भरायची, मान खाली घालून पाच मिनिटं गप्प बसायचं आणि तोंडात आपोआप जमेल ते नळीत ओघळू द्यायचं. जोर लावून थुंकायचं नाही.

लोक आले, रांगेत बसले, आणि काय द्यायचं ते कळल्यावर निम्मे उठले. एक म्हातारा म्हणाला, "रक्त न्या पायजे तर. थुंकी कुणाला देऊ नये, त्याच्यावर काय काय करत्यात लोक." बायकांचा तर प्रश्नच निराळा. चार माणसांत तोंड उघडं टाकून लाळ गाळत बसायचं म्हणजे काय?

आमरीन विज्ञान समजावत होती, पण तिचं कुणी ऐकेना. तेव्हा द्वारकाबाईंनी शाळेतून दोन सतरंज्या मागून घेतल्या, व्हरांड्याच्या टोकाला आडोसा केला आणि बायकांना भिंतीकडं तोंड करून बसवलं. स्वतः एक नळी घेऊन सगळ्यांत पुढं बसल्या. "मी बी देते. बगा, तोंड वाकडं झालं तर मला हसा." एक हसली, दुसरी बसली, आणि दुपारपर्यंत साठ नमुने झाले.

त्रेसष्टाव्या नंबरला मोनिका आली. वय तीसच्या आतबाहेर, हातपाय काटक, पण चेहरा दमलेला. अद्रकाच्या शेतातून तशीच आली होती, नखांत माती होती. बरोबर सासू आवडाबाई. मोनिकानं चूळ भरली, मान खाली घातली. पाच मिनिटं झाली. नळीच्या तळाशी फेसाचे चार ठिपके होते, बस्स.

"अजून पाच मिनिटं बसा," आमरीन म्हणाली. आणखी पाच मिनिटांनी फेस तेवढाच होता.

आमरीननं वहीत 'नमुना अपुरा' असं लिहायला पेन टेकवलं. "लाजल्या असतील. जाऊ दे, पुढचं नाव घ्या."

पुढचं नाव घेण्याऐवजी द्वारकाबाईंनी नळी उन्हाला धरली. तिरकी केली. ठिपके जागचे हलले नाहीत, काचेला चिकटून राहिले.

"मॅडम, थांबा. ही लाजलेली नाय. लाजलेल्या बाईची थुंकी पातळ असती, ती गिळून टाकती म्हणून कमी पडती. हिच्या तोंडात पाणीच नाय. आन् हे डिंकासारखं हाय. असं मी फार थोड्या लोकांचं बघितलंय."

आमरीननं पेन उचललं. चोवीस वर्षांचा अनुभव म्हणजे काय असतो हे ओळखण्याइतकी ती शहाणी होती. "विचारा तुम्ही," ती म्हणाली. "तुम्हाला सांगतील."

द्वारकाबाई मोनिकाला घेऊन नळापाशी गेल्या. नीट बघितलं तर जीभ लाल, भेगाळलेली, आणि हिरड्यांच्या कडेनं दात किडत आलेले.

"भाकर खाती का गं नीट?"

"घासागणिक पाणी लागतं, मावशी. नायतर उतरतच नाय."

"कधीपासून?"

"झाली तीन-चार वरसं. बोटं दुखत्यात सकाळी. डोळ्यात कचरा गेल्यासारखं सारखं टोचतं. दवाखान्यात दाखवलं तर म्हणले उन्हात काम करता, पाणी पीत जा."

आवडाबाई मागं येऊन उभी राहिली होती. ती वाईट बाई नव्हती, पण मनातलं तोंडात ठेवायची सवय तिला नव्हती. "ती हायच कोरडी," ती म्हणाली. "बाप मेला तिचा, समदं गाव रडलं, हिच्या डोळ्यातून टिपूस नाय आलं. हिच्या माहेरची, देवगावची माणसं आजून नावं ठेवत्यात."

मोनिकानं मान खाली घातली. बाजू मांडायचा प्रयत्न तिनं केव्हाच सोडून दिला असावा. द्वारकाबाई मात्र जागच्या जागी थांबल्या. तोंडात पाणी नाही आणि डोळ्यात पाणी नाही. दोन्ही एकाच बाईला. त्या तशाच माघारी गेल्या आणि आमरीनच्या कानाशी वाकून ऐकलेलं सगळं सांगितलं.

आमरीननं हातातली नळी हळूच बर्फात ठेवली. "मावशी," ती म्हणाली, "ह्यांना शहरात आणायला पाहिजे. ह्याच आठवड्यात."

* * *

आवडाबाई कुरकुरली, पण सुनेबरोबर शहरात आली. द्वारकाबाईंनी रजा टाकली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोनिकाच्या दोन्ही खालच्या पापण्यांत कागदाची बारीकशी पट्टी अडकवली आणि डोळे मिटायला सांगितलं. डोळ्यात पाणी असेल तर कागद ओला होत खाली खाली जातो, असं त्यांनी समजावलं. घड्याळात पाच मिनिटं गेली. कागद वरच्या कडेला किंचित ओलसर झाला आणि बाकी सगळा करकरीत कोरडा राहिला. मग खालच्या ओठाच्या आतून जोंधळ्याच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला घेतला, रक्त घेतलं. रिपोर्टला पंधरा दिवस लागले.

ते आले त्या दिवशी आमरीननं मोनिकाला आणि आवडाबाईला समोर बसवलं. द्वारकाबाई दाराशी उभ्या राहायला लागल्या, तर तिनं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

"ह्या आजाराचं नाव शोग्रेन," ती सावकाश म्हणाली. "आपल्या अंगात राखणदार असतात. बाहेरून काही आलं तर ते त्याच्याशी लढतात. मोनिकाच्या अंगातले राखणदार चुकून घरच्याच माणसांवर चालून गेलेत. लाळेच्या ग्रंथी आणि डोळ्यातल्या पाण्याच्या ग्रंथी, ह्यांनाच ते परके समजतात. म्हणून तोंड सुकलं, डोळे सुकले, सांधे दुखतात, थकवा येतो. ह्यात तिची काही चूक नाही. कुणाचीच नाही."

"बरं व्हतं का?" आवडाबाईनं विचारलं.

"मुळापासून जात नाही. पण औषधानं आटोक्यात राहतं. सांध्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडं दाखवायचं, डोळ्यात थेंब घालायचे, दातांचं मी बघते. उरलेल्या ग्रंथींना जागं करायची गोळी पण असते."

मोनिकाचं ह्यातलं किती ऐकून झालं कोण जाणे. ती एकाच जागी अडकली होती.

"डॉक्टर, मंग दादा गेले तवा..." ती वडलांना दादा म्हणायची. "माझ्या छातीत लई कालवलं व्हतं. गळा दाबल्यागत झालं व्हतं. डोळ्यात नुसती आग. मला वाटलं, खरंच आपल्यात माया नाय का काय. लोक म्हणायले तसंच आसंल." तिनं आमरीनकडं बघितलं. "म्हंजे मी रडले व्हते?"

आमरीनला चष्मा काढावा लागला. उत्तर दिलं ते द्वारकाबाईंनी.

"रडलीस की, बाई. पाणी तेवढं आलं नाय."

मोनिकाचं तोंड वेडंवाकडं झालं, खांदे गदगदायला लागले. डोळे लाल झाले, पण कोरडेच राहिले. आता मात्र ते काय चाललंय हे खोलीतल्या चौघींनाही कळत होतं. आवडाबाई उठली. आधी काय करावं तिला सुचेना. मग तिनं आपला पदर घेतला आणि सुनेचे कोरडे डोळे पुसले, ओले असल्यासारखे.

त्या रात्री द्वारकाबाई लेकीला, प्रेरणाला, फोनवर म्हणाल्या, "चार ठिपके व्हते गं नळीत. चार ठिपक्यात एका बाईचं सगळं दुखणं लिवलेलं व्हतं. आन् मी ते रोज पाणी मारून घालवत व्हते."

* * *

मोनिकाचा एकुलता भाऊ सोमनाथ, देवगाव रंगारीला शेती करायचा. बापाच्या तेराव्यानंतर त्यानं बहिणीला फोन केला नव्हता. दोन भाऊबीजा कोरड्या गेल्या होत्या. मोनिकानं द्वारकाबाईंचा हात धरून सांगितलं, "मावशी, तुमीच सांगा त्याला. माझं ऐकायचा नाय."

रविवारी द्वारकाबाई एसटीनं देवगावला गेल्या. सोमनाथ गोठ्यासमोर मक्याची कणसं सोलत होता. ओळख सांगितल्यावर त्यानं पाणी आणलं, पण बहिणीचं नाव निघताच त्याचा चेहरा घट्ट झाला. द्वारकाबाईंनी समजूत घालायचा प्रयत्नच केला नाही. पिशवीतून रिपोर्टची नक्कल काढली, आणि ती इंग्रजीत असल्यामुळं स्वतःच सांगितलं. नळी कशी असते, पाच मिनिटं कशी मोजतात, डोळ्यातला कागद कसा कोरडा राहिला, ओठातून तुकडा कसा घेतला.

सोमनाथनं मधेच विचारलं, "हे कधीपासून हाय तिला?"

"तुझ्या वडलांच्या आधीपासून. दोन वरसं तरी आधी."

तो कणसाचं वरचं साल उगाच सोलत राहिला, दाणे दिसले तरी सोलत राहिला. मग म्हणाला, "मी तिला म्हणलं व्हतं, मावशी. मयतीच्या दिवशी. म्हणलं, दगड हायेस तू."

सोमनाथ उठला, हातपाय धुतले, घरात जाऊन सदरा बदलून आला. "तुमाला शहराच्या बसला बसवतो," तो म्हणाला, "आन् मी तसाच पुढं पिशोरला जातो."

तो गेला. तिथं काय बोलणं झालं ते द्वारकाबाईंना ठाऊक नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. पण पुढच्या तपासणीला मोनिका आली ती भावाच्या मोटारसायकलवर. बाटलीतलं पाणी घोटघोट पिण्याची तिला आता सवय झाली होती. गोळी लागू पडायला लागली होती. तोंडाला पूर्वीइतकं पाणी सुटत नव्हतं, पण जीभ टाळूला चिकटणं थांबलं होतं. हळूच, कुणी बघत नाही असं बघून ती द्वारकाबाईंना म्हणाली, "मावशी, परवा भाकर पाण्याबिगर खाल्ली. अर्धी."

आमरीनचे नमुने वर्षअखेर एकशे साठ झाले. द्वारकाबाईंना आता खुर्च्यांची भांडी घासावी लागत नाहीत. नळ्यांवर नंबर टाकणं, बर्फ भरणं, शिबिरात बायकांना बसवणं, हे त्यांचं काम. नव्या आलेल्या विद्यार्थिनी नळी हातात घेऊन त्यांच्याकडं येतात आणि विचारतात, "मावशी, ही बघता का जरा?" त्या उजेडाकडं धरून बघतात. कधी काही सांगतात, कधी म्हणतात, "मला नाय कळलं, मशिनीला विचारा."

एका सकाळी आमरीननं त्यांना मोठ्या फ्रीजरचं दार उघडून दाखवलं. उणे ऐंशी अंश. दार उघडताच पांढरी वाफ खाली ओघळली आणि तिच्यामागं रांगाच रांगा दिसल्या, दीडशेवर नळ्या, प्रत्येकीच्या तळाशी गोठलेला एक पांढरा खडा.

"ह्यातलं जे वाचता येतं ते आपण वाचलं," आमरीन म्हणाली. "पण फार थोडं वाचलं, मावशी. दहा वर्षांनी नवी यंत्रं येतील. तेव्हा कुणीतरी हेच खडे वितळवून असं काही वाचेल, की त्याचं नावसुद्धा आज आपल्याला माहीत नाही."

द्वारकाबाईंनी हात पुढं केला आणि गारठ्यानं मागं घेतला. पिशोर, गंगापूर, पडेगाव, किती गावांची माणसं तिथं गप्प उभी होती. त्यांची दुखणी, त्यांची भीती, त्यांनी कुणालाच न सांगितलेलं काय काय.

"मॅडम, लाईट गेली तर?" त्यांनी विचारलं.

"जनरेटर आहे."

"तरी बी," द्वारकाबाई म्हणाल्या, "मी येऊन बघत जाईन."

आणि तेव्हापासून रोज सकाळी, डबा ठेवायच्याही आधी, त्या फ्रीजरच्या दारावरचा तापमानाचा आकडा बघून येतात.